एकाच फोनवरच्या पाच जणी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्राचा कोर्स मी नव्याने बांधला तेव्हा कॉलेजात माझं कौतुक झालं. धडे व्हिडिओवर, दर शनिवारी मोबाइलवर चाचणी, वर्गात फक्त उदाहरणं सोडवणं. मुलांना आपल्या सवडीने शिकता येईल, असं मी प्रस्तावात लिहिलं होतं. साठ मुलांसमोर उभं राहून बोलायची मला भीती वाटायची, हे लिहिलं नव्हतं. माझं शिक्षण साताऱ्यात इंग्रजी शाळेत झालं. इस्लामपूरच्या बाजूच्या या वर्गात कुणी मराठीत शंका विचारली की मला शब्द सापडायचे नाहीत. व्हिडिओला कुणी शंका विचारत नाही.

चाचणी कोणत्या फोनवरून दिली, किती वेळात दिली, हे मला दिसायचं. एकाच फोनवरून पाच मुली, एकीमागून एक, प्रत्येकी चार मिनिटांत. कॉपी. नियम मीच घातला होता: एक फोन, एक विद्यार्थी. पाचही जणींना प्रत्येक वेळी शून्य पडत गेलं. त्यांना बोलावून विचारता आलं असतं. विचारायचं म्हणजे बोलायचं, म्हणून मी ते टाळलं.

शेवटच्या चाचणीच्या शनिवारी मी घरी जायला साताऱ्याची एस.टी. पकडली. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. दोन सीट पुढे त्या पाच जणी बसल्या होत्या आणि एका फोनमधून माझाच आवाज येत होता. फोन जिच्या हातात होता तिने तो थांबवला.

"मोल म्हंजे डझनासारकं गं. अंडी डझनानं मोजतो, तसं अणू मोलानं. निस्ता आकडा लय मोठा."

"मग मॅडम असं सरळ का सांगत न्हाईत?"

"त्या लाजत्यात. कॅमेऱ्याकडं तरी कुठं बघत्यात?"

सगळ्या हसल्या. मग फोन हातोहात फिरला. प्रत्येकीने आपापली चाचणी दिली. एक अडली तेव्हा फोनवाली म्हणाली, "माझ्याकडं बघू नको. तुजं तू सांग."

"सांगून तरी काय, शून्यच पडतंय."

"पडू दे. फोन एकच हाय म्हणून काय अभ्यास सोडायचा? दादा फौजेतनं सुट्टीवर आले की दुसरा घेतो म्हणालेत."

दादा म्हणजे तिचे वडील; ते फौजेत आहेत, हे मला तेव्हा कळलं. कराडच्या अलीकडे त्या उतरल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सोमवारी मी विभागप्रमुख सरांना सगळं सांगितलं. गुरुवारी तपासणी समिती येणार होती आणि माझाच कोर्स तिच्यापुढे ठेवायचा होता.

"आत्ता हे काढू नका, मॅडम. नियमातच चूक होती म्हटल्यावर समितीला दाखवायचं काय? गुणांची यादी आहे तशी विद्यापीठाला जाऊ द्या. नंतर दुरुस्तीचं पत्र देऊ."

मी "हो सर" म्हणाले. समितीपुढे मी पडद्यावर आलेख दाखवले. टाळ्या झाल्या. पत्र मी पुढच्या आठवड्यात दिलं. ते विद्यापीठाकडून मुदत संपली म्हणून परत आलं.

तोंडी परीक्षेच्या गुणांवर चौघी काठावर सुटल्या. फोनवाली तापामुळे तोंडी परीक्षेलाही नव्हती, ती अंतर्गत गुणांत नापास झाली. सगळ्या चाचण्या तिला पुढच्या सत्रात पुन्हा द्याव्या लागणार होत्या.

मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. बसमधलं सांगितलं, पत्राचंही सांगितलं. बोलताना मी टेबलावरच्या ब्युरेटच्या काचनळीकडेच बघत होते.

"तुमी मागं बसलाय ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पर्स वळखली मी तुमची, उतरताना. वाटलं, सोमवारी तरी कायतरी बोलशीला."

मी सॉरी म्हणाले, इंग्रजीत. मग म्हणाले, "चाचण्या कोणत्याही फोनवरून दे. नियम काढून टाकलाय."

तिने वही छातीशी धरली. रागावलेली दिसली नाही.

"नको मॅडम. तुमच्या म्होरंच बसून देते सगळ्या. मंग तर इस्वास बसंल न्हवं?"

विश्वास आधीच बसला होता, बसमध्येच. तेवढं एक वाक्य मला मराठीत नक्की येत होतं. ती दारापर्यंत गेली तरी ते माझ्या तोंडून निघालं नाही.