गार की गरम

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे वैद्य म्हणत. बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि नळ्यांवर तळवा टेकायचा, ही त्याची तपासणी. कुठली नळी तापायला हवी, कुठली गार पडून तिला घाम फुटायला हवा, हे त्याच्या हाताला पाठ होतं. मीटर त्याने कधी विकतच आणला नाही.

साखरेच्या आजाराने बोटं बधिर होत गेली, ते त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आंघोळीचं पाणी तो हल्ली कोपराने बघायचा, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं.

मेहुण्याची जुनी गाडी गरम वारा फेकते म्हणून मागच्याच आठवड्यात आली होती. वैद्याने तळवा टेकला. काहीच कळलं नाही. ते कुणाला कळू नये म्हणून तो ठासून म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला." नवा बसवला. आज गाडी पुन्हा दारात.

"दाजी, लोक एसीतून गार होऊन उतरतात, मी उकडून उतरतो. बटाट्यासारखा."

"बरंच आहे, सोलायला सोपा," डबा घेऊन आलेली बायको भावाला म्हणाली.

वैद्य हसला नाही. जाड नळीवर पाण्याचे थेंब धरले होते. ते डोळ्यांनाही दिसत होतं. म्हणजे थंडावा तयार होतोय. मग वारा गरम कसा? हीटरचा कॉक नीट बंद होत नसेल, तर इंजिनचं गरम पाणी आत शिरून सगळ्यावर पाणी फिरवणार. त्याने मेहुण्याला हीटर बंद करायला लावला आणि कॉकच्या पुढच्या रबरी पाइपवर हात ठेवला.

"हा गारच आहे. कॉक ठीक आहे."

"बघू," म्हणत बायकोने सहज बोट लावलं. "आई गं!"

बोट तोंडात धरून तिने पाहिलं, तर त्याचा तळवा अजून पाइपवरच होता.

"अहो, हात काढा!"

त्याने काढला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"बरेच दिवस." त्याची मान वर होईना.

"म्हणून पाणी कोपराने बघता! मला वाटलं, वयाचे चोचले."

त्याने पकडीने पाइप आवळला. "आता तूच हात लावून सांग."

ती चाचपत थांबली. "कोमट झाला... आता गार."

"दाजी, आत थंडी वाजायला लागली!" मेहुणा गाडीतून ओरडला.

इथे गप्प बसता आलं असतं. कॉक बदलला की काम झालं. जुन्या कॉम्प्रेसरची चौकशी कुणी केली नसती. वैद्य खिडकीशी गेला.

"तुझा कॉम्प्रेसर चांगला होता. मला काही कळलं नव्हतं. ठोकून दिलं मी."

एरवी मेहुण्याने त्याची सालटी काढली असती. आज काढली असती तर वैद्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण मेहुणा खाली उतरला, वळसा घालून पलीकडे गेला आणि दार उघडून धरत म्हणाला, "बसा दाजी. आधी हात दाखवून येऊ."

दार धरून तो तसाच उभा राहिला. वैद्याला त्याच्याकडे बघवेना.