आमच्याच विहिरीतले पारवे

मला बंदूक चालवता येत नाय, हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं कोनाचा विरस नको. गोफनही येत नाय. आबांची, म्हंजे माझ्या बापाची, गोफन आख्ख्या शिवारात नावाजलेली. ते बांधावर उभं ऱ्हाऊन दगड सोडायचे, तोंडानं "हाऽऽ हुर्र" करायचे, आन पाखरांचा थवा पार नदीपल्याड. मी जन्मात एकदाच फिरवली. दगड पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आन आमच्याच बैलाच्या पुठ्ठ्यावर बसला. बैलानं मान वळवून माझ्याकडं पाह्यलं, आमचे मास्तर पाह्यचे तसं. त्या नजरेपायी मी दुसरीतून शाळा सोडली व्हती. आता बैल कुठं सोडनार?

आबा बोलायचे कमी. माझ्याशी तर एकच शब्द, "गप." मी जेवताना बोलायचो, गप. मोटर चालू करताना बोलायचो, गप. एकदा मयताला गेलो, तिथंही माझं तोंड चालू, तर आबांनी गर्दीतून हात घालून माझी बाही वढली आन कानात म्हनले, "गप. त्याला तरी निवांत जाऊ दे."

आमच्या सायखेड्याच्या बाजूला जो तो द्राक्षं लावत व्हता आन आम्ही अजून बाजरी-हरभऱ्यावरच व्हतो, तव्हाची ही गोष्ट. बाजरी काढून झाली, हरभरा पेरला, आता बसून खायचं, असे रिकामे दिवस. त्या दिवसांत आबांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आन वाचा गेली.

नाशकाला नेलं. डॉक्टर म्हनले, "गोळ्या चालू ठेवा. आणि त्यांच्याशी बोलत राहा. सुरुवातीला थोडंफार बोलणं परत येऊ शकतं. नंतर अवघड."

मी मनात म्हनलं, इतक्या वर्सांत पहिल्यांदा कोनीतरी मला बोलायचा परवाना दिला.

मग मी बोलायला लागलो. आबांना उठवताना, धुताना, कापडं बदलताना, चमच्यानं पेज घालताना. गावात कोनाची म्हैस व्यायली, कोनाची सून रुसली, सगळं. आबा निस्तं पाह्यचे. तोंडाच्या एका कडंनं पेज गळायची. पन दोन-चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं, अडवायला कोनी नसलं की बोलन्यात काय मजा नाय. उताराला बैलगाडी सुटल्यागत व्हतं. मी मधीच थांबायचो आन वाट पाह्यचो, आता म्हनतील, आता म्हनतील. एकदा "गप" म्हना, आबा, मग हवं तर मी आठ दिवस तोंड उघडत नाय. पन आबा म्हनायचे नाय.

शेजारचे नाना समाचाराला आले. त्यांची द्राक्षाची बाग व्हती, म्हनून त्यांना सगळ्यातलं कळायचं.

"आरं, लकव्याला पारवा दे," नाना म्हनले. "पारवा गरम. रस्सा पाज, रगत हातापायाला चोळ. माझा मामा पारवा खाऊन उठला आन मोटरसायकल चालवायला लागला."

"आधी येत व्हती का त्यांना?"

"काय?"

"मोटरसायकल."

"गप रे," नाना म्हनले. मला बरं वाटलं. पन आवाज चुकीचा व्हता.

बायको म्हनली, "अहो, कोंबडी नाय का चालनार?"

"कोंबडी खाऊन आबा अंडं देतील, बोलतील कशावरून?" मी म्हनलं. तिला हसू आलं नाय. ती बी थकली व्हती. सकाळी आबांचं करायची आन मग नानांच्या बागेत कामाला जायची.

नानांनी त्यांची छऱ्याची बंदूक दिली. बागेतली पाखरं हाकायला घेतलेली. आता पारवे म्हनाल तर आमच्याच विहिरीत ऱ्हायचे. दगडांच्या फटीत घरटी, तिथंच अंडी, तिथंच पिल्लं. ऱ्हायचे आमच्या विहिरीत आन खायचे आमच्याच वावरात. माझ्यापेक्षा त्यांचं काय येगळं नव्हतं. मी म्हनलं, विहिरीवर जाळं टाकतो, एका झटक्यात दहा. तर बायकोनं हात जोडले, "विहिरीतल्याला हात लावायचा नाय. ते पान्याचे राखनदार. मारायचं तर वावरात मारा." म्हंजे विहिरीत पाहुना आन वावरात चोर. तोच पारवा.

मग रोज सकाळी बैलगाडीत गोधडी टाकायची, आबांना पाठीवर घेऊन गाडीत ठेवायचं, वावरात न्यायचं, बाभळीखाली खाटेवर उशा लावून बसवायचं. घरी ठेवून जानार कसं, कोनी नव्हतंच. आबा तसे वाळकेच, पन लुळं पडलेलं मानूस लय जड असतं. खाटेवर ठेवलं की मी शेजारी मातीत आडवा पडायचो आन तिथंच झोप लागायची. पारवे माझ्या डोक्यावरून जायचे.

हरभरा नुकता उगवला व्हता. पारवे यायचे, कोंभ वढायचे, दाना खायचे. पिकाच्या राखनदाराचं काम काय, तर त्यांना बसू द्यायचं नाय. शिकाऱ्याचं काम काय, तर बसू द्यायचं. आन मी दोन्ही व्हतो. मी बांधाआड पोटावर पडायचो, श्वास धरून, पारव्यांना पोटभर खाऊ द्यायचो, ते बेसावध झाले की चाप वढायचो. पारवे उडायचे, एक घिरटी मारायचे आन परत बसायचे. मला वाटतं छऱ्याच्या आवाजानं त्यांना भूक लागायची.

मारलं नाय असं नाय. पान्याचा डेरा मारला. मोटरच्या खोलीचा पत्रा मारला. एक छर्रा कुठं गेला ते कळलंच नाय, मग संध्याकाळी नाना बोंबलत आले, त्यांच्या बागेतल्या ठिबकच्या नळीतून कारंजं उडत व्हतं.

"आरं, तुला पारवा मारायला दिली का माझी बाग भिजवायला?"

"नाना, जास्तीचं पानी मिळालं, द्राक्षं गोड व्हतील."

आबा हे सगळं खाटेवरून बघायचे. डोळे जागेवर व्हते त्यांचे. डोळे लाल व्हायचे. मला वाटायचं उन्हानं. मी टोपी त्यांच्या कपाळावर वढायचो आन परत जाऊन पडायचो.

असं किती दिवस चाललं, मोजलं नाय. मोजायला दम नव्हता. एका सकाळी पारव्यांचा मोठा थवा उतरला. कधी नव्हं ते अगदी माझ्या पुढ्यात. एक तर इतक्या जवळ की त्याच्या गळ्यावरचा हिरवा-जांभळा रंग दिसत व्हता. हा आंधळ्यालाही लागला असता. मी नेम धरला. आबा, आज रस्सा. मी चाप वढनार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हाऽऽ हुर्र!"

सगळा थवा उठला. मी तडकलो. जन्मात एकदा नेम बसनार व्हता आन कोन हा मूर्ख, म्हनून मी वळलो, शिवी अर्धी तोंडात. बांधावर कोनी नव्हतं. बाभळीखाली आबा व्हते. डावा हात वर उचललेला, तोंड वाकडं, आन त्या वाकड्या तोंडातून परत, "हाऽऽ हुर्र!"

मी शिवी गिळली. बंदूक तिथंच टाकली आन पळत गेलो, पायात पाय अडकून खाटेपाशी आपटलो. आबा माझ्याकडं बघतही नव्हते. त्यांची नजर वावरावर. ज्या वावरात त्यांनी आयुष्यात एक पाखरू निवांत बसू दिलं नाय, तिथं त्यांचा पोरगा पारव्यांना जेवू घालत पोटावर पडला व्हता. त्या मानसाला किती दिवस काय वाटलं आसंल.

संध्याकाळी नानांना सांगितलं. नानांनी मांडीवर थाप मारली. "म्हनलं नव्हतं? पारव्याचा गुन!"

"खाल्लाच नाय त्यांनी, नाना."

"पाह्यला ना? लय गरम असतो."

बायको त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवली. म्हनली, "आवाज आला, आता शब्द बी येतील." मलाही तेच वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेले सुरुवातीचे दिवस सरत व्हते, हे दोघांनाही म्हाईत व्हतं.

आन मग मी जे केलं, ते फक्त माझ्यासारखाच करू शकतो. पारवे बसले की आबांना वाचा फुटते, म्हंजे पारवे बसले पाह्यजेत. मी राखन सोडून दिली. उलट सकाळी जाऊन वावरात घरातली बाजरी फेकायला लागलो. पारवे खूश. विहिरीतले आले, दुसऱ्यांच्या विहिरीतले आले. आबा "हाऽऽ हुर्र" करायचे, थवा उठायचा, मी खाटेपाशी बसून म्हनायचो, "आबा, आता म्हना, पारवा. पा-र-वा. बरं, पानी म्हना. बरं, गप म्हना. गप." आबा दम खायचे. थवा परत बसायचा. आबा परत वरडायचे. येनारे-जानारे बांधावर थांबून म्हनायचे, "काय रे, पारव्यांची पंगत का?" मी म्हनायचो, "हो, या, पाटावर बसा."

हरभऱ्याचे कोंभ संपत आले. बायको एकदा जेवन घेऊन आली, वावराकडं पाह्यलं आन टोपलं खाली ठेवलं. "अहो, हरभरा कुठंय?"

"आबांच्या घशात अडकलेला शब्द काढतोय, त्याला लागला."

तिनं आबांचं तोंड पदरानं पुसलं. तव्हा मला दिसलं की त्यांचे ओठ फुटले व्हते.

पन मी म्हनलं, अजून एक दिवस. दुसऱ्या दिवशी ओंजळभर बाजरी घेऊन मी खाटेपाशीच टाकली, म्हनलं जवळ बसले तर जोर लागंल. पारवे आता मला इतके वळखीचे झालते की पायाशी येऊन टिपायला लागले. आबा गप. मी म्हनलं, "आबा, बघा की. खातायत. तुमचं वावर खातायत. बोला की काहीतरी."

आबांनी पारव्यांकडं पाह्यलंच नाय. माझ्याकडं पाह्यलं. मग डावा हात उचलला, माझ्या तोंडासमोर हलवला, पाखरू हाकतात तसा, आन सगळा जीव गोळा करून वरडले, "हाऽऽ हुर्र!"

मला.

मी गप बसलो. आबांनी डोळे मिटले, मान उशीवर टाकली. छाती भात्यासारखी वर-खाली. आजारी मानसाला मी रोज राखनीला बसवत व्हतो आन त्याला इलाज म्हनत व्हतो. ते दमले व्हते. मी बी दमलो व्हतो, पन मला ते सांगता येत व्हतं, त्यांना नाय. मी पायाशी पडलेली बाजरी गोळा करून टोपीत भरली, आबांना पाठीवर घेतलं आन गाडी जुंपली. घरापर्यंत एक शब्द बोललो नाय. बैलांनी दोनदा मागं वळून पाह्यलं.

बंदूक परत द्यायला गेलो, तर नाना म्हनले, "लागला का एखादा?"

"मला नाय लागला. आबांनी मातर एक उडवला."

"कोनता?"

"मीच."

आबांना त्या हाऽऽ हुर्रच्या पुढं शब्द आलेच नाय. त्या साली हरभरा बांधाच्या कडंला तेवढा आला, तो आम्ही हिरवाच भाजून खाल्ला. आबा डाव्या हातानं एक-एक घाटा सोलत बसायचे, मी मदत करायला गेलो की हात मागं घ्यायचे. मग पुढं बरीच वर्सं जगले. गावात मोबाईल आले तव्हा आबा व्हते. सगळं एका आवाजात चालायचं. चहा पाह्यजे, तर बारीक हाऽऽ. कूस बदलायची, तर लांब. आन मी लय बोललो की जो यायचा, तो सगळ्यात जोरात. तो आला की मी तोंड मिटायचो. गप म्हनलेलंच ते, दुसरं काय.

विहिरीतले पारवे मातर नंतर नंतर त्या आवाजाला उडायचे बंद झाले. घरातलाच आवाज हाय म्हनून निवांत बसून ऱ्हायचे. उडायचो मी एकटा.