दगडातलं गवत

मॅट्रिकला होते तेव्हा लामत्याला आमच्या धानाच्या बांधीत मला काळा, काचेसारखा दगड सापडला. त्याला काळ्या भुकटीने भरलेली बारीक भोकं होती आणि एका कडेला गवताचं पातं, शिरांसकट उमटलेलं. गावात सगळे म्हणाले, मँगनीजच्या खाणीतला मळ असेल, फेक.

बालाघाटला ओळखीच्यांकडे जबलपूरच्या कॉलेजातले मास्तर उतरले होते. बा मला त्यांच्याकडे घेऊन गेला. मास्तरांनी समजावलं की आभाळातून मोठा दगड आदळला की माती वितळून तिची काच होते, आणि त्यात कोंडलेलं गवत जळून जायच्या आत हजारो वर्षांसाठी बंद होऊन बसतं. हा तसाच आहे की नाही, हे भोकांतली काळी भुकटी तपासल्यावर कळेल. आठ दिवसांनी घरी येतो म्हणाले. खरा निघाला तर पोरीला आपल्या घरी ठेवून कॉलेजात घालीन, तोवर दगडाला पाणीसुद्धा लावू नका. बा चक्क हौ म्हणाला! घरी येऊन मी हे सगळं मायला दोनदा सांगितलं.

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की घरातलं सगळं पितळ चिंच-राखेने घासून निघतं. मी मास्तरांना आणायला स्टेशनवर गेले होते. परत येऊन बघते तर ओट्यावर लोटे-गंजांच्या रांगेत माझा दगड, लख्ख. भोकं रिकामी, पातं पुसट. मास्तरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, चहा घेतला, धानाच्या गोष्टी केल्या आणि गेले. कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही. त्याच साली लग्न लावून मला हट्टा गावी देऊन टाकलं.

माझी माय अडाणी, नशीब राखेने घासलं तिने, असं मी सासरी हसत सांगायची. जळो ते हसणं.

पुढे माझ्या लेकीचा कॉलेजचा फॉर्म आला. तो मी तांदळाच्या कोठीत लपवला. दोन दिवसांनी, राहायला आलेल्या मायला तांदूळ काढताना तो सापडला. तिने तो माझ्या हातात दिला.

"मले तवाच सारं समजलं होतं वं," ती म्हणाली. "म्हणूनच तो दगड घासला. तू गेली असती तं मी त्या घरात कोणाशी बोलली असती?"

मी फॉर्म भरून पाठवला. मायला शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्या दोन दिवसांचं मात्र लेकीला अजून सांगितलेलं नाही.