दादा आणि तेलाचा काटा

दादा गेल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर कळलं. पवनीहून आलेला ओळखीचा कंडक्टर उतरला आणि म्हणाला, "ताई, तुमचे दादा..." मी मिळेल त्या बसने माहेरी निघाले. महिना होत आला. अजून माणसं भेटायला येतात आणि हमखास त्याच्या गाडीचा विषय काढतात. "शौकीन होता हो," म्हणतात. मला चीड येते, पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

शौकीन तर होताच. घरची धानाची गिरणी सांभाळणाऱ्या माणसाने एका मालगुजाराच्या गोठ्यात धूळ खात पडलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार विकत घ्यावी, हे तेव्हा अख्ख्या पवनीला वेडेपणाचं वाटलं. त्या गाडीतल्या एका काट्यात त्याचा जीव अडकलेला असे, तेलाच्या तापमानाच्या. इंजिनातलं पाणी लवकर तापतं, गार होऊन घट्ट झालेलं तेल मागाहून, म्हणून तेल गरम होईस्तोवर तो ती गाडी बैलगाडीसारखी चालवायचा. उन्हाळ्यात उलटी काळजी. तेल फार तापलं की पातळ होतं आणि आतले भाग घासून इंजिन जागीच जाम होतं. त्यासाठी त्याने गाडीच्या नाकाखाली ऑइल कूलर बसवला होता, वाऱ्याने तेल थंड करणारी जाळी. थंडीच्या सकाळी त्याच जाळीवर गिरणीतला बारदाना, म्हणजे धानाचं रिकामं पोतं, बांधायचा, तेलाला ऊब यावी म्हणून. "पोरीले स्वेटर घालून राहिला," असं म्हणत आई हसायची.

वहिनीला कळा सुरू झाल्या त्या मे महिन्यातल्या भर दुपारी. पहिलंच बाळंतपण. नर्सबाईंनी तपासलं आणि "आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्या" म्हणून सांगितलं. गावातली जीप वऱ्हाड घेऊन गेलेली, बस निघून गेलेली. दादाने आपलीच गाडी काढली. वहिनी आणि मी एका सीटवर कशाबशा बसलो. निघताना आई गाडीपुढे वाकलेली दिसली. मला वाटलं, नमस्कार करतेय.

अड्याळच्या अलीकडे काटा चढायला लागला. दादाने वेग कमी केला तरी चढतच राहिला. त्याने गाडी कडेला घेतली.

"थांबू नका ना जी," वहिनी कळवळली.

"थांबलो नाही तं गाडी इथंच मरते. मंग तुले कोन नेईन?"

उतरून तो पुढे गेला आणि तसाच खिळून उभा राहिला. मीही उतरून पाहिलं. जाळीवर बारदाना घट्ट बांधलेला होता, घडीवर घडी, कडेला अजून ओल होती. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसा आईने तो भिजवून बांधला होता, गाडी थंड राहावी म्हणून... वारा आत जायला फटच उरली नव्हती.

बारदाना काढून फेकला, पण तापलेलं तेल थोडंच लगेच निवणार होतं? रस्त्यावर एक ट्रक येईना. वहिनी माझा दंड आवळून कण्हत होती. दादा त्या काट्याकडे बघत होता आणि काटा काही केल्या खाली येईना. इतकं हतबल मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

अखेर काटा उतरला तेव्हा निघालो आणि भंडाऱ्याला पोचलो. मूल वाचलं नाही. मुलगी होती. "आधी आलो असतो तर?" दादाने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही."

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. "काहून थांबला तू? गाडी जपली अन् लेकरू घालवलं!" दादाने तोंड उघडलं आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मानेनेच नको म्हटलं. पुढे सारं गाव तेच बोलत राहिलं. दादाने ऐकून घेतलं. वहिनीला पुन्हा दिवस गेले नाहीत.

मागच्या खोलीत मला अजून पाऊल टाकवत नाही. आई शेवटी तिथेच अंथरुणाला खिळली होती. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते, वहिनी औषध घेऊन उभी होती. आईने दादाला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बहुत बोलली मी तुले, बापू. आता मनात नको ठेवू... माफ केलं मी तुले."

दादाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "बरं झालं, आई."