मिस कॉल उचलायचा नसतो

माझ्या पोटात दुखायला लागलं ते एका मिस कॉलवरून. खरं तेच सांगते, उगाच मनाचा मोठेपणा कशाला मिरवू?

आई साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आली होती. दुपारी एकटीच फिरायला जायची आणि तळ्यापाशी पोचली की शेजारणीला मिस कॉल द्यायची. एक रिंग, की कट. म्हणजे 'पोचले, ठीक आहे.' आपली जुनीच पद्धत ती. तो कॉल उचलायचा नसतो.

ही शेजारीण मूळची नागपूरची. आम्ही दोघी एकाच मोबाइल कंपनीत. ती अ‍ॅप करते, म्हणजे लोकांना जे दिसतं ते सगळं तिचं. मी बॅक-ऑफिसवाली. कुणाची लाइन चालू करायची, कुणाची थांबवायची, हे ठरवणारी सिस्टिम आमची. ती नीट चालली तर आम्ही आहोत हेसुद्धा कुणाला कळत नाही. मंडळाच्या गणपतीत लोक तिला म्हणणार, "तुझं अ‍ॅप काय मस्त आहे यार," आणि मला म्हणणार, "तुमच्या कस्टमर केअरला काही कळतं का गं?"

तेही मी गिळलं असतं. पण संध्याकाळी बाईसाहेब आमच्या दारातूनच सांगायच्या, "काकू, आज मिस कॉल लवकर आला न तुमचा." आणि आई खुदकन हसायची. मला मात्र एक रिंग नाही. मी पोटची पोर, पण माझी आठवण नाही. विचारणार तर मुळीच नव्हते. मागून घेतलेल्या मिस कॉलला काय अर्थ आहे?

एका दुपारी तिला मिस कॉल आला नाही. ती घरून काम करत होती, लगेच गाडी काढून तळ्यावर गेली. आई बाकावर बसलेली, फोन हातात, कुणालाच लागत नव्हता. बाई ठणठणीत, लाइन तेवढी बंद.

"ही होती म्हणून बरं," आई रात्री जेवताना म्हणाली. 'ही' म्हणजे ती. मी आमटी वाढली.

मग मीच आमच्या कस्टमर केअरला फोन लावला. पहिला म्हणाला, लाइन तर चालू दिसतेय. त्याने दुसरीकडे दिला, तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्याने फोन बंद करून परत चालू करायला सांगितलं. त्यांच्यावर चिडून काय करू? त्यांच्या स्क्रीनवर कारण दिसतच नाही. कारण असतं आमच्या सिस्टिमकडे, आणि या दोन सिस्टिममध्ये जावाजावांसारखा अबोला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आईचा नंबर टाकून पाहिलं. 'एक रिंग देऊन कट करतो. फसवणुकीचा संशय.' इथे असे चोर असतात. एक रिंग देतात, आपण उलट फोन केला की महागड्या नंबरात अडकतो. त्यांना पकडायला हा नियम, आणि तो लिहिला आमच्याच टीमने. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मी लाइन सोडवली आणि घरी येऊन आईला म्हटलं, "थोडे दिवस तिला मिस कॉल देऊ नकोस. चोर समजतायत तुला."

"बरं. मग तुलाही नको देऊ?"

"मला कधी देतेस तू?"

"अगं, रोज देते. तू उचलत नाहीस, म्हणजे तुला कळलं असं धरते मी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो नियम चाचणीसाठी आधी आमच्या टीमच्या फोनांवर लावला होता. संशयातल्या नंबरावरून कॉल आला की रिंग वाजायच्या आतच तो गिळून टाकायचा. उचलायचा नसतो, म्हणून आईला पत्ता नाही. मी फुगून बसलेले, म्हणून मला पत्ता नाही.

मग मी त्याच कामाच्या मागे लागले. जे नंबर एकमेकांना नेहमी फोन करतात, त्यांना चोर धरायचं नाही. लाइन थांबवली तर कारण कस्टमर केअरच्या स्क्रीनवर गेलंच पाहिजे, म्हणजे माणसाला तेच गाऱ्हाणं तिघांपुढे गायला नको. मॅनेजरशी भांडून करून घेतलं सगळं. शेवटी शेजारणीने त्याच्यावर अ‍ॅपमध्ये एक मेसेज लावला, 'तुमची लाइन या कारणाने थांबवली आहे,' आणि मीटिंगमध्ये टाळ्या कुणाला? तिला. आयत्या बिळावर नागोबा. मीही वाजवल्या, करते काय.

मीटिंगमधून बाहेर पडते तो फोन वाजला. आई. कट व्हायच्या आत मी उचलला.

"अगं, उचललास कशाला? काही झालंय का?"

"काही नाही. तिला दिलास का?"

"देते आता. आधी तुला, मग तिला, रोजचंच आहे ते. ठेव बघू, ती वाट बघत असेल."

मी ठेवला नाही. बघू दे की वाट.