सात मिनिटांचा तास

कॉलेजात त्यांना सगळे युक्तीबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. शिकवणाऱ्यांना शिकवायचं, असं त्यांचं उफराटं काम. नुसतं भाषण ठोकण्याऐवजी वर्गाला कामाला लावणारी एखादी पद्धत प्राध्यापकांना निवडून द्यायची. वरून चाळीस पद्धतींची छापील यादी आली होती. बाईंनी ती कधी कुणाच्या हातात ठेवली नाही. आधी तीन दिवस शेवटच्या बाकावर गप्प बसायचं, मुलांची पेनं कुठे थांबतात ते टिपायचं आणि मग एकच पद्धत सुचवायची. "औषधाच्या दुकानातल्या सगळ्याच बाटल्या कुणी पितं का हो?" असं त्या विचारायच्या.

बहुतेकांनी त्यांना गोड बोलून वाटेला लावलं. आपणहून आले ते एकटे पदार्थविज्ञानाचे सर, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना.

"बाई, एकतीस वर्षं मी बोलतोय. पोरांनी ऐकलं किती, देव जाणे. या वयात जमेल मला?"

बाईंनी सांगितलं, एक अवघड प्रश्न टाका. हात वर करून उत्तरं घ्या. मग ज्याने त्याने शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं, आणि पुन्हा हात मोजायचे. मधल्या वेळात तुम्ही तोंडाला कुलूप लावायचं. ते कुलूपच सरांना जड गेलं. आठ दिवस बिचारे ओठ चावत उभे असायचे. पण महिन्याभरात वर्ग असा भांडायला लागला, की शेजारच्या वर्गाने गोंगाटाची लेखी तक्रार केली. सर तो कागद मिरवत बाईंच्या खोलीत आले.

मग तपासणी समितीची तारीख लागली आणि प्राचार्यांचं फर्मान निघालं: प्रत्येक वर्गात मुलं बोलताना दिसली पाहिजेत. झालं, तालमी सुरू! वाणिज्यच्या वर्गात तर चुकीचं उत्तर कुणी द्यायचं आणि ते कुणी खोडायचं, हेही वाटून दिलं होतं.

"आपणही एकदा करून घ्यायची का?" सरांनी विचारलं. "शेवटचं वर्ष आहे. डाग नको लागायला."

"तालीम केली तर मग खरं काय राहिलं, सर?" बाई म्हणाल्या. बोलताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

तपासणीच्या दिवशी सरांनी प्रश्न टाकला: लिफ्ट एकाच वेगाने वर चाललीय, दोराचा ताण लिफ्टच्या वजनापेक्षा जास्त, कमी, की तेवढाच? वर्गाने धडाधड "जास्त"ला हात वर केले. साफ चूक. मग एकच गलका उडाला. सर फळ्याशी शांत उभे. समितीचे गृहस्थ दारात सात मिनिटं थांबले, घड्याळ पाहिलं आणि पुढे गेले. त्यानंतर पाचच मिनिटांनी पुन्हा हात मोजले तेव्हा चार सोडून सगळे "तेवढाच" म्हणत होते. ते पाहायला कोण होतं?

अहवालात आलं: "विद्यार्थ्यांच्या संकल्पना चुकीच्या, वर्गावर ताबा नाही, शिक्षक निष्क्रिय." सरांच्या हाती लेखी ताकीद पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. वाणिज्यचा वर्ग 'आदर्श' ठरला आणि त्याचं श्रेय, शिक्का मारून, बाईंना मिळालं. त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. प्राचार्यांनी तो न वाचताच बाजूला सरकवला. "तुमचं तर चांगलंच झालंय ना बाई? मग कशाला उकरून काढता?"

बाई सरांच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. सर मजकूर सांगत होते, मुलं मुकाट्याने उतरवून घेत होती. पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, मला हे पटत नाही. शेजारणीशी बोलू?"

सरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोसला असता.

"हात खाली घे, बाळ," सर म्हणाले. "लिही."