बाबांचा पक्ष

मी वसईत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. पुराणमतवादी पक्षांचा धडा मला तोंडपाठ आहे. फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजाचं मुंडकं उडवलं, आणि ते बघून युरोपातले कितीतरी लोक हादरले. आहे ते जपावं, बदलायचंच तर जरा दमानं बदलावं, असं मानणारे हळूहळू एकत्र आले. पुढे त्यांचे पक्ष झाले. वर्गात मी हे अगदी तटस्थपणे सांगते. घरी मात्र माझा तोल जायचा, कारण बाबा जन्मभर असल्याच एका पक्षाचे.

जूचंद्रला आमची खाडीकाठची भातशेती. आजूबाजूला भराव पडले, कुणीतरी बांध फोडला आणि दोन वर्षं शेतात खारं पाणी शिरत राहिलं. तेव्हापासून घाईनं मोडतोड करणाऱ्या कुणावरच बाबांचा विश्वास नव्हता. एकदा मी त्यांना तो धडा समजावून सांगितला, तर म्हणाले, "मंग यात वायट काय हाय?" माझं डोकंच फिरलं. मुलीला एवढं शिकवू नका, असं त्यांना सुनावणारी मंडळी याच पक्षातली. त्यांचं न ऐकता मला कॉलेजात घातलं तेही बाबांनीच, हे मी भांडताना सोयीस्करपणे विसरायचे.

गेल्या निवडणुकीच्या वेळी ते आजारी होते, धड चालवत नव्हतं. तरी सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसले. "मना मत टाकाला जावाचा हाय." मी म्हटलं, ऊन उतरू दे. जेवल्यावर त्यांचा डोळा लागला. चार वाजता पक्षाचा कार्यकर्ता त्यांना न्यायला रिक्षा घेऊन आला. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बरं नाही त्यांना. नाही यायचे." त्या पक्षाचं एक मत कमी होईल, एवढंच डोक्यात होतं. शिकलेल्या बाईची अक्कल!

बाबा उठले तेव्हा मतदान संपलं होतं.

"कोन आलता का?"

"नाही, बाबा."

ते सदऱ्याची बटणं काढत म्हणाले, "मना इसरली सगली."

खरं सांगायला मला पुढे महिनाभर मिळाला. मला लाज वाटत होती. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. आपल्याच माणसांनी आपल्याला टाकलं, असं समजून बाबा गेले.

खांदा द्यायला सगळ्यांत आधी तोच कार्यकर्ता पुढे आला.